सदऱ्याच्या पाठीवरचा रंग

जीव टांगणीला लागला की समोरची भिंतसुद्धा माणसाकडे रोखून बघायला लागते. दवाखान्याच्या बाकावर बसून ताई कधीची तशा एका भिंतीकडे बघत होती. रंगाऱ्याची बायको ती. एवढ्या काळजीतही तिच्या मनात येऊन गेलं, की या भिंतीवर रंगाआधी भरलेली लांबी काही नीट घासलेली नाही.

शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता, दंडावर कापसाचा बोळा दाबून. हाडापेराने काटकुळा, म्हणून सगळे त्याला बारक्याच म्हणत. आई गेली तेव्हा तो ताईच्या कमरेलाही लागत नव्हता. तिने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याच्या हाताखाली कामाला लावला. नवरा रंगाऱ्यांच्या टोळीचा मुकादम. बाहेरचे मुकादम म्हणत आणि घरातही तेच नाव पडून गेलं होतं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

झालं होतं एवढंच. सकाळी फडताळाचं दार उघडं राहिलं, बारक्या खालचा चमचा उचलून ताठ झाला आणि कपाळ दाराच्या कोपऱ्यावर आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. "फडताळाला लागलं का रे?" म्हणून ताईने हसून विचारलंसुद्धा. पण मग तो मोरीत जाऊन भडाभडा ओकला, भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, डोकं फुटतंय गं." तेव्हा मात्र ताईने पायांत चपला सरकवल्या.

"एवढ्याशा टेंगळाला दवाखाना?" मुकादम म्हणाला होता. "बर्फ लाव."

"बर्फ तुमच्या डोक्याला लावा," असं म्हणून ती भावाला घेऊन निघाली होती. मुकादम मागोमाग आला, पण मन मारून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगणाऱ्या होत्या. बारक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून, हातापायांची ताकद बघून त्या म्हणाल्या, "मार लागून मेंदूच्या पेशी दुखावल्या, की त्यांच्यातली दोन प्रथिनं पाझरून रक्तात उतरतात. रक्तात ती सापडली नाहीत, तर स्कॅन करायची गरज नसते. उगाच किरणांचा मारा कशाला? फक्त एक आहे. ही तपासणी एका दिवसाच्या आतल्या मारालाच लागू. मार आजचाच ना?"

"आजचाच. माझ्या डोळ्यांदेखत," ताई छातीठोकपणे म्हणाली.

"त्याआधी काही?"

"छे हो."

मुकादम तेवढ्यात खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती. ताईने ते पाहिलं, पण तेव्हा तिचं सगळं लक्ष सुईकडे होतं.

आणि आता डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "रक्त चांगलं आहे. प्रथिनं जवळजवळ नाहीतच. घरी न्या, आराम करू द्या. पुन्हा उलटी झाली, बोलताना जीभ अडखळली, झोपेतून उठवलं तरी उठला नाही, तर ताबडतोब या," असं सांगून त्या आत गेल्या.

"देव पावला!" ताईने हात जोडले. मुकादम तर स्प्रिंग लावल्यासारखा उठला. "चला, चला. म्हटलं नव्हतं?"

बारक्याही उठला, आणि तिथेच थबकला. "दाजी, आपण आलोय कुठे? कामावर?"

"दवाखान्यात आलोय वेड्या," मुकादम हसला. त्याचं हसू रंग उडालेल्या पाटीसारखं दिसलं.

ताईने भावाचा दंड धरला, सावरायला म्हणून हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. पाठ. परवाचा सदरा. परवा टोळी एका शाळेच्या जिन्यात कामाला होती; संध्याकाळी धुवायच्या कपड्यांत बारक्याचा सदरा निघाला होता, आणि त्याची अख्खी पाठ हिरव्या तेलरंगाने लडबडलेली होती. टर्पेंटाइनमध्ये बुडवून, घासून घासून तिच्या बोटांची सालटी निघाली होती. "रंग भिंतीला लावता की एकमेकांना?" असं ती तेव्हा करवादली होती, आणि विसरून गेली होती.

पण रंगाऱ्याच्या छातीवर रंग असतो, बाहीवर असतो, मिशीतसुद्धा असतो. पाठीवर कसा येईल? भिंत तर समोर असते. पाठीवर रंग यायचा, तर माणूस सांडलेल्या रंगात उताणा व्हायला हवा.

तिने हळूच बारक्याच्या केसांत बोटं घातली. उजव्या कानाच्या मागे, वर, केसांच्या मुळाशी काहीतरी कडक लागलं. सुकलेल्या रंगाची खपली, आणि तिच्याखाली मऊ, सुजलेला उंचवटा. बारक्या कळवळला.

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, परवा शाळेच्या जिन्यात काय झालं?"

"काय व्हायचंय? खिडक्यांचे गज रंगवले."

"आणि हा?"

"हा... खाली आला होता जरा."

इथे टोळीची एक रीत सांगायला हवी. मुकादमाला काम शिकवणारे उस्ताद सांगून गेले होते, की शिडीवरून जो खाली येईल त्याने त्याच पावली पुन्हा वर चढायचं, जिथे हात थांबला तिथे ब्रशाचा एक फटका मारायचा, आणि त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाव काढलं की शिडीला माणसं खाली आणायची चटक लागते म्हणे. मुकादमाने ही रीत इतकी अंगी भिनवली होती, की 'पडणं' हा शब्दच त्याने घरातून हद्दपार केला होता. त्याच्या घरात पाऊस यायचा, थंडी सुटायची, भाव उतरायचे, शेजारणीचं मूल पाळण्यातून खाली बसायचं. ताईने या गोष्टीची आजवर थट्टाच केली होती. आज तिला हसू आलं नाही.

"म्हणजे हा डोक्यावर आला, आणि तुम्ही याला पुन्हा शिडीवर चढवलात?"

"सगळ्यांनाच चढवतो. मीसुद्धा चढलोय. उठला, एक फटका मारला, हसला, चहा प्यायला. मग काय बोंबा मारायच्या होत्या?" मुकादमाने आवाज खाली आणला. "आणि रक्त चांगलं आलंय ना? आता कशाला विषय? टोळीत आठ माणसं शिडीवर आहेत गं. एकाच्या पायांत भीती शिरली की सगळ्यांच्या शिरते."

ती स्वतः आत जाऊन सांगू शकली असती, पण सांगणार काय? किती वरून, कशावर, शुद्ध गेली होती की नाही, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. बारक्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हिरवं हिरवं दिसलं ताई," आणि पुन्हा डोकं धरून बसला. ज्याला ठाऊक होतं, त्याच्या ओठांवर उस्तादांचं कुलूप होतं.

देवा, याचं तोंड उघड, असं ती मनात म्हणाली. आणि तिला आई आठवली. आई भजनाला बसली की अधेमधे टाळ थांबवून बायकांना सांगायची, "देव सगळं ऐकतो गं, पण बोलायचं आपल्यालाच असतं. तो काही आपल्या तोंडाने बोलत नाही."

"ऐका," ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "त्या बाईंना मी सांगितलंय, मार आजचा. त्या भरवशावर त्या याला घरी धाडताहेत. दिवसापलीकडच्या माराबद्दल ते रक्त काही सांगत नाही, तुमच्यासमोरच म्हणाल्या त्या. शिडीला चटक लागेल ती लागो. माझ्या भावाला काही झालं, तर त्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. उस्तादांना बोलवा मग स्वयंपाकाला."

मुकादमाने बारक्याकडे पाहिलं. बारक्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटत होता. ताईने हलवलं तेव्हा त्याने एकच डोळा उघडला.

मुकादम वळला. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेला, दाराची चौकट धरली, आणि तिचा रंग तपासत असल्यासारखा तिच्याकडेच बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला. "परवा... तो पडला."

"कोण पडलं?"

"माझा मेव्हणा. शिडीवरून पडला. जिन्यात, माझ्या उंचीच्या वरून. डोकं पायरीवर आपटलं. थोडा वेळ हाक मारली तरी ओ देत नव्हता. पडला हो बाई, पडला." एकदा तोंडातून निघाल्यावर तो शब्द त्याला थांबवेना.

डॉक्टरीणबाईंनी पुढे एक अक्षरही विचारलं नाही. "स्ट्रेचर!" त्या ओरडल्या.

स्कॅनच्या खोलीचं दार लागलं. बाहेर नवराबायको शेजारी बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. आतून यंत्राची घरघर यायची, थांबायची.

मग त्यांना पडद्यावर चित्र दाखवलं. कवटीच्या आत, उजवीकडे, चंद्राच्या कोरीसारखा रक्ताचा थर होता. "रक्त मेंदूत नाही, त्याच्या आवरणाखाली साठलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूच्या पेशी फारशा दुखावल्या नाहीत, त्यात मार परवाचा. म्हणून आजच्या रक्तात काही दिसलं नाही. पण हा थर मेंदूला रेटतोय. घरी गेला असता तर..." त्या तिथेच थांबल्या. "लगेच छिद्र पाडून काढावं लागेल."

ताईने पुढचा सगळा वेळ देवाचं नाव घेण्यात घालवला. कधी नाव सुटायचं, नुसते ओठ हलत राहायचे. मुकादम येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो मधली जागा सोडून तिच्या लगत येऊन बसला. ती सरकली नाही.

बारक्या वाचला. डोक्याला फेट्याएवढं बँडेज गुंडाळून तो शुद्धीवर आला, तेव्हा ताईने विचारलं, "मी कोण?"

"करवादणारी," तो जड जिभेने म्हणाला. ताई हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला टोळीतली माणसं आली, खाटेभोवती अवघडून उभी राहिली. एकाने विचारलं, "बारक्याला झालं काय, मुकादम?"

"पडला," मुकादम म्हणाला.

सगळे चपापले. दाराशी शिडी उभी असावी, तसे दोघांनी मागे वळून पाहिलं. मग टोळीतला सगळ्यात जुना रंगारी, ज्याला सगळे काका म्हणत, तो खाटेच्या गजावर बोट फिरवत हलकेच म्हणाला, "मुकादम, मीपण पडलोय. गेल्या पंधरवड्यात. तेव्हापासून सकाळी डोकं जरा..."

मुकादमाने त्याचं वाक्य संपू दिलं नाही. हात धरला आणि त्याला तसाच डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे घेऊन निघाला. "अहो, पण मी नंतर फटका मारला होता ना!" काका वाटेत म्हणत होता.

ताई खाटेपाशी उरलेल्यांकडे वळली. एकेकाचा चेहरा बघत गेली.

"अजून कोण?" तिने विचारलं.

एकाने मान खाली घातली, आणि हात नकळत डोक्याच्या मागे नेला.