सुताची ताटी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी महिनाभर खपून कूलर बनवला. तेलाच्या पिप्यात पंखा बसवला आणि पाणी झिरपणाऱ्या ताटीत वाळ्याऐवजी मामाच्या मागावरचं उरलेलं सूत भरलं. वाळ्याची आणि सुताची अशा दोन्ही ताट्या आळीपाळीनं लावून रोज थर्मामीटरनं हवा मोजली आणि तक्ता केला. सुताची हवा जास्त थंड निघाली, तर तो तक्ता कूलरच्या वरच टांगला.

थोटे सर तपासायले आले. कूलरसमोर उभं राहून त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं, मस्त हवा घेतली आणि म्हणाले, "कूलर तर घरोघरी आहे वं हर्षा. यात विज्ञान कुठं आहे?" तक्त्याकडं एकदा तरी पाहायचं!

पहिला नंबर कोणाले, तर पियुषच्या ज्वालामुखीले. तो त्याच्या पप्पानं सीताबर्डीवरून आयता आणलेला. दुकानाचं स्टिकरही निघालं नव्हतं. "यातून फेस काहून येते?" असं मी विचारलं, तर म्हणते, "पप्पाले माहीत आहे."

माझं डोकं तापलंच होतं. त्यात बक्षिसाच्या वेळी हॉलमध्ये भयानक उकडून राहिलं होतं, म्हणून सरांनी पाहुण्यांच्या खुर्च्या माझ्याच कूलरसमोर लावून घेतल्या. वरून मलेच सांगतात, "हर्षा, पाणी टाकत राहा वं."

मी गेली आणि कूलर बंद केला.

"काहून वं? काय झालं?" सर ओरडले.

"सर, खुर्च्या ज्वालामुखीसमोर न्या," मी म्हटलं. "विज्ञान तिकडं आहे."