द्राक्षाचा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर साखरबुवा! त्याचं खरं नाव काहीही असो, मी त्याला साखरबुवाच म्हणते. "मुठीत द्राक्षं चुरगळा! रोग त्यात उतरू द्या!" असं तो गेंगाण्या आवाजात ओरडे. मधुमेहाचा रोगी द्राक्षं चुरगळी, चेला कोरड्या फडक्याने बोटं पुसून सुई टोची. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा चारशेच्या वर! मग तेच हात मंतरलेल्या पाण्यात धुवायचे, पुन्हा सुई. साखर दीडशे! लोक टाळ्या वाजवून बेजार.

"आता ते विष इथे टाका!" बुवा गरजे आणि लोक आपापल्या इन्सुलिनच्या बाटल्या डब्यात सोडत.

रांगेत माझा नवरा उभा होता. एका हातात आमच्या लेकीचा हात, दुसऱ्यात तिची बाटली.

नवरा वाईट नाही हो. दुधाची गाडी चालवतो. बाटल्या, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या यांतच त्याचा पगार जातो. "थोडं कमी टोचलं तर बाटली जास्त पुरेल का गं?" असं त्याने परवा विचारलं आणि मी हादरले. इन्सुलिन चुकलं की पोरीला उलट्या होतात, श्वास फुलतो. एकदा पाहिलंय मी. पुन्हा पाहायची हिंमत नाही माझ्यात.

"अहो, घरी चला," मी त्याचा दंड धरला.

"एकदा बघू तरी. मी कुठवर पुरा पडणार?" तो रांगेत पुढे सरकला.

चेल्याने लेकीपुढे द्राक्षं धरली. तिने हात मागे घेतला. "पप्पा, चिकट हाताला टोचायचं नसतं. साखर खोटी येते. नर्सताईंनी सांगितलंय ना?"

अगं बाई! रोज तिला हात धुवायला लावणारी मी, आणि भीतीपायी माझ्याच डोक्यात हे आलं नाही!

"बाळ, इथे शंका घ्यायची नसते," बुवा गोड हसला.

"तू गप रे!" मी सरळ व्यासपीठावर चढले. पर्समधून आमचं यंत्र काढलं. एक पट्टी वाया गेली तरी एरवी जीव तुटतो माझा. "मला मधुमेह नाही, ऐका सगळे!" द्राक्षं चुरगळली, बोटं पुसली, टोचलं. तीनशे ऐंशी! मग पुढच्या रांगेतल्या दोन आजोबांना साक्षीला नेलं, बाहेरच्या नळावर साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. पंच्याण्णव.

"झाले की मी बरी, मंत्राशिवाय! अहो, रोग द्राक्षात उतरत नाही. द्राक्षाची साखर बोटाला लागते, यंत्र तीच मोजतं. धुतली की गेली!"

नवरा डब्यात वाकून बघत होता. गार माल पोचवणारा माणूस तो. "बुवा, विष टाकून द्यायचंय ना? मग बर्फात का ठेवलंय? कुणाला विकणार?"

लोक आपल्या बाटल्यांवर तुटून पडले, तेवढ्यात बुवाची स्वारी मागच्या दाराने पसार.

गाडीत नवरा बाटली मुठीत धरून रडला. "ही संपली की काय करायचं गं?"

आजही ती भीती उशाशी असते. तुमच्या घरीही असेल, तर ऐका माझं. सरकारी दवाखान्यात खेटे घाला, भांडा, हात पसरा, त्यात लाज कसली? पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी नळावर जाऊन हात धुऊन या.