सहा महिन्यांसाठी आई

जिज्ञासाचं लंडन मला पहिल्यापासूनच खुपतं. ती माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा जितेश, म्हणजे माझा दीर, कंपनीकडून तिकडे गेला आणि बदलापूरच्या आमच्या सोसायटीत मी एका दिवसात ‘लंडनवाल्यांची वहिनी’ झाले. मी इतकी वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत राबतेय, पॅकिंगची सुपरवायझर झाले, त्याचं कुणाला काही नाही.

व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे दिसणारी ती भलीमोठी खिडकी, तिचा तो मरून कोट! पोटात दुखतं माझ्या, खोटं कशाला बोलू? ती मात्र कायम रडगाणं गाते. “वहिनी, इथलं घरभाडं ऐकलंत तर चक्कर येईल तुम्हाला. जितेशचे केस मीच कापते. संध्याकाळी दुकानात उरलेला पाव स्वस्तात देतात ना, तोच आणतो आम्ही.” मी “हो का गं?” म्हणते आणि मनातल्या मनात तिच्या पगाराचे रुपये करते. एकदा ते रुपये झाले, की तिचा पाव काही मला शिळा वाटत नाही.

आणि गेल्या महिन्यात कळलं, की आई, म्हणजे आमच्या सासूबाई, सहा महिने लंडनला चालल्यात. जिज्ञासाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळाला तिकडच्या पाळणाघरात ठेवायचं तर तिचा सगळा पगार तिथंच जाणार. म्हणून आई. तिकीटसुद्धा काढून मोकळे!

मला विचारलं कुणी? माझी लेक पहिलीत आहे. शाळेतून आली की तिला आईच बघतात, म्हणून मी सकाळी निर्धास्त घर सोडते. आई गेल्या की माझी नोकरी गेली, इतका सरळ हिशेब. नवऱ्याला सांगितलं तर अवधूत म्हणतो, “सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. रजा टाक ना.” जशी काही कंपनी माझ्या मामाची आहे!

वर आईंची खरेदीही मीच करायची. रविवारी त्यांना उल्हासनगरला घेऊन गेले, कॅम्प एकच्या बाजारात. लंडन ऐकल्याबरोबर कपड्यांच्या दुकानदाराने स्टूल पुढे केलं. “बैठो माताजी, बैठो. चाय मंगाऊँ?” त्याच दुकानात मी लग्नापासून जातेय, मला कधी पाणी विचारलं नाही. जिज्ञासाने कुकरच्या रिंगा, बाळाचे कपडे, स्वतःचा चष्मासुद्धा इथूनच मागवला होता, तिकडे परवडत नाही म्हणून. आई एकेक वस्तू हौसेने निवडत होत्या. ती हौस बघून माझा नुसता तिळपापड झाला.

“आई, तिकडे थंडीत चार वाजताच अंधार पडतो म्हणे,” मी म्हटलं. “गुडघे धरतील तुमचे.”

“लोकरीचे मोजे घेतलेत की,” आई म्हणाल्या.

घरी येऊन त्या बॅग भरायला बसल्या. मे महिन्यात आम्ही दोघींनी मिळून केलेला वर्षाचा मसाला त्या लंडनसाठी पिशव्यांत भरत होत्या. बरणी अर्धी झाली, तरी हात थांबेना. मग मात्र मला राहवलं नाही.

“आई, तुम्हाला काय वाटतं, लंडन दाखवायला नेतायत तुम्हाला? पाळणाघर परवडत नाही त्यांना. फुकटची बाई पाहिजे, म्हणून आईची आठवण झाली!”

आईंनी पिशवीला गाठ मारली. रागावल्या नाहीत.

“माहीत हाय मला. आणि तुला गं? तुला कोण पाहिजे?”

मी मसाल्याच्या बरणीचं झाकण लावायला घेतलं.

“जितेशनं निदान विचारलं, आई, जमेल का तुला म्हणून,” त्या म्हणाल्या. “इथं मला कोणी विचारलंच नाय. माझं माहेर जांभूळला. लांब नाय, रिक्षानं जाण्यासारखं. माझा भाऊ शिवराम आजारी व्हता, तवा तुला म्हटलं, दोन दिवस जाऊन येते. तू काय म्हणालीस?”

मला आठवलं. “ऑडिट होतं, आई.”

“हां. आठवडाभर थांबा म्हणालीस. मी थांबले. तुझं ऑडिट झालं, आणि मी गेले ती त्याच्या मयताला.”

हे त्या चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या पुन्हा बॅग भरायला लागल्या होत्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले, भात लावला.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. बॅगेची चेन लागत नव्हती. मी गेले आणि बॅगेवर बसले. आईंनी खाली वाकून चेन लावली.