आम्राच्या कपाळाशी अडलेलं बोट

शनिवारी नंदिनीकडे हळदीकुंकू होतं. जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराबाहेर जिन्यात बुटांचा ढीग पडला होता, म्हणजे खालची बाई हाउसऑर्डनुंग, इमारतीचे नियम, ऐकवणार हे ठरलेलंच. आत पैठण्या, अत्तर, उकाडा.

विषय एकच होता, शेजारची आम्रा. मूळची बोस्नियाची. नंदिनीची अन्वी तिच्याच मांडीवर वाढली. दर संक्रांतीला आम्रा सोफ्याच्या कोपऱ्यात बसायची, कुंकू लावून घ्यायची, वाण घेऊन जायची. पण बुधवारी टीव्हीवर एक डॉक्युमेंटरी लागली आणि तिच्यात आम्रा होती. युद्धात सैनिकांनी तिला एका शाळेत महिनोन्महिने कोंडून ठेवलं होतं, वापरायला. हे तिने तोंड न झाकता सांगितलं. कोंडणाऱ्यांतला एक माणूस आता जर्मनीतच राहतो. येत्या सोमवारी त्याच्या खटल्यात तिची साक्ष होती.

"बघवत नव्हतं गं," सुमेधा चकली मोडत म्हणाली. शेवटपर्यंत बघितलं होतंच. "आणि तो माणूस! बागेत गुलाब छाटत होता. चेहऱ्यावरून किती सभ्य वाटतो."

"इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढायचं पण? नवऱ्याला काय वाटलं असेल?" देवश्री म्हणाली.

तो नवराच आम्राला दारापर्यंत सोडून गेला. ती आत आली आणि चकल्यांचा आवाजसुद्धा थांबला.

नंदिनीच्या सासूबाई, पुण्याहून आलेल्या ऊर्मिलाबाई, करंडा घेऊन एकेका कपाळापाशी थांबत होत्या. आम्राने सवयीने केस मागे सारले, डोळे मिटले, मान पुढे केली. ऊर्मिलाबाईंचं बोट तिच्यासमोर अडलं. मग पुढच्या कपाळाकडे गेलं.

आम्रा तशीच, डोळे मिटून.

"आजी, डू हास्ट आम्रा फेरगेसन!" अन्वी ओरडली. आम्राला विसरलीस की!

"विसरले नाही बाळा. देवाधर्माचं असतं हे. तिच्या बाबतीत तसलं झालंय ना."

आम्राने डोळे उघडले आणि केस पुन्हा कपाळावर ओढून घेतले.

नंदिनीने वाणाचं ताट खाली ठेवलं. पदराने स्वतःचं कुंकू पुसलं.

"अगं, नवरा जिवंत आहे तुझा!" ऊर्मिलाबाई ओरडल्या.

मयुरेश स्वयंपाकघरात तिळाचे लाडू खात होता. त्याला काही झालं नाही.

"आई, घाण त्यांनी केली. हिने काय केलं?" नंदिनी म्हणाली. "हिला नाही, तर या घरात कुणालाच नाही. द्या तो करंडा."

करंडा घेऊन ती आम्रासमोर गुडघ्यांवर बसली. आम्राने तिचा हात हलकेच बाजूला केला.

"आज नको," ती जर्मनमध्ये म्हणाली. "सोमवारी ये. कोर्टात माझ्या शेजारी बस."

सोमवारी नंदिनी गेली, कोरं कपाळ घेऊन. बाकीच्या बायकांपैकी कुणी आलं नाही. ऑफिस असतं, डबे असतात. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माणूस इस्त्रीच्या शर्टात उभा होता. त्याचे शेजारी आले होते. कुणी त्याच्या पाठीवर थोपटलं, कुणी कॉफी दिली, कुणी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

त्याच्यापुढे हात करताना एकाचंही बोट आखडलं नाही. आखडलं होतं ते आपलं, आणि तेही तिच्यासमोर.