लिंबाजवळची फरशी

"ती वाकडी बसलीय," खिडकीतून बायको म्हणाली.

फरशीवाल्याने मान वर केली नाही. पाणसळ फरशीवर आडवी ठेवली, मग उभी ठेवली. बुडबुडा मधोमध. "ये, स्वतः येऊन बघ," असं अगदी ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. तिला येता येत नव्हतं म्हणून तर हा सगळा खटाटोप. परसातल्या उंचसखल मातीत पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून तिने मागचा उंबरा ओलांडला नव्हता. वॉकर घेऊन ती घरात फिरायची, पण परसात जायचं म्हटलं की दारातूनच मागे वळायची. स्वतः लावलेलं लिंबाचं झाड तिला खिडकीतूनच बघावं लागत होतं. जन्मभर लोकांच्या घरात फरशा बसवल्या आणि स्वतःच्या परसाला मात्र मुहूर्त लागला नाही, हे तिचं सतरा वेळा ऐकवून झालं होतं.

"वाकडी नाही. माझे काय डोळे फुटलेत?"

"डोळे आहेत हो. पाणी कुठे जाणार ते सांगा."

"कुठलं पाणी?"

तिने खिडकीतून तांब्याभर पाणी ओतलं. ते जागच्या जागी पसरलं आणि निम्मंअधिक उंबऱ्याशी येऊन साचलं.

तो बघतच राहिला. खोलीत फरशी सपाट हवी, हे हातात इतकं मुरलेलं की उघड्यावर पाणी वाहून जायला ढाळ द्यायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. नवशिक्यालाही शोभणार नाही अशी चूक, आणि ती काढली कोणी, तर हिने. त्याचा असा तिळपापड झाला की थापी त्याने बादलीत आपटली.

"उपटा आता. ओल्या फरशीवर घसरून दुसरा खुबा मोडायची हौस नाही मला."

"उपटतो बाई, उपटतो. तू जरा तोंडाला कुलूप घाल."

"आणि लिंबाच्या मुळाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

फरशा निघाल्या, खालचा सिमेंटचा माल खरवडला गेला, लिंबाकडे ढाळ धरून सगळं पुन्हा बसलं. शेवटच्या फरशीखाली नेमकं ते मूळ आडवं आलं. मूळ तोडायचं नाही आणि वर फरशीही सरळ हवी, म्हणजे करायचं तरी काय माणसाने? करवादतच त्याने ती नुसत्या वाळूवर टेकवली. एक कोपरा डुगडुगत होता. नंतर बघू म्हणून तो हात धुवायला गेला.

माल पुरता वाळला, त्या दुपारी मागचं दार उघडलं. वॉकर धरून ती उंबऱ्यात उभी होती.

"आत्ता? सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर धीर गेला असता. खुर्ची ठेवा लिंबाखाली."

त्याने खुर्ची झाडाच्या बुंध्याशी ठेवली, डुगडुगणाऱ्या फरशीच्या पलीकडे. ती निघाली. एकेका फरशीवर आधी वॉकर टेकवायची, दाबून बघायची, मग पाय. बाकीच्या फरशा दगडासारख्या घट्ट होत्या. त्याचं लक्ष मात्र त्या शेवटच्या फरशीवर होतं. ती एक हलली तर ही इथूनच माघारी फिरेल, आणि पुन्हा काही बाहेर यायची नाही.

तो पुढे झाला आणि त्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून उभा राहिला. तिने वॉकर टेकवला, दाबला. फरशी हलली नाही. ती खुर्चीत बसली, पाय त्याच फरशीवर ठेवले आणि तोंड वर करून झाडाकडे बघू लागली.

"किती वाढलंय हो," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "तुम्ही का उभे? आणा ना दुसरी खुर्ची."

"असू दे. बसून बसून कंबर धरलीय."

"सकाळपासून उभेच तर आहात."

"तू झाड बघ."

ती झाड बघत राहिली. उन्हं कलली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण त्याने पाय उचलला नाही.