काजाच्या कात्रीची कबुली

मित्रांनो, मी काजं पाडायची एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणाले, बोथट म्हणाले नाही. तेवढं नीट ऐकून घ्या. माझी उंची तुमच्या तळहाताएवढी आणि टोकं सुईसारखी. सदऱ्याचं बटण ज्या चिरेतून जातं तिला काज म्हणतात, आणि ती चीर पाडणं हे माझं काम. मोठ्या कात्र्या ताग्याचे तुकडे करतात आणि मिरवतात. पण एक काज वाकडं गेलं की अख्खा सदरा वाया जातो, हे त्या नकचढ्यांना कोण सांगणार?

एका कारागिराने मला पोलादाच्या एकाच पट्टीतून घडवलं, म्हणून माझी दोन्ही पाती सख्ख्या बहिणी. त्याने मला दगडावर घासलं, मधोमध स्क्रू बसवला आणि रेशमाचा ओला धागा कापून पाहिला. धागा हललासुद्धा नाही, नुसता एकाचे दोन झाला. "ही कुणाची तरी लाडकी होणार," असं तो म्हणाला.

मी आजीची लाडकी झाले. तेव्हा ती आजी नव्हती, शिवणकाम करणारी तरणीताठी बाई होती. नाडीला बांधून मला गळ्यात घालायची. शाळा दुसरीत सुटलेली, त्यामुळे वाचायला यायचे ते फक्त टेपवरचे आकडे. पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नजरेनेच माप सांगायची. कुणी पोट आत ओढून उभा राहिला, तर म्हणायची, "सोडा श्वास. सदरा घालून जेवायचंय तुम्हाला." लोक हसत आणि पुन्हा तिच्याकडेच येत.

तिच्यात एक खोट होती. ती कधी चुकायची नाही, म्हणजे चुकले असं कधी म्हणायची नाही. एकदा एका वकिलाच्या कोटाची काजं तिने उलट्या बाजूला पाडली. पाडली मीच, पण हात तिचा. रात्र व्हायच्या आत तिने त्या चिरा अशा रफू केल्या की भिंग लावूनही दिसू नयेत. वर वकिलाला ऐकवलं, "कापडच तसलं होतं तुमचं." त्या दिवसापासून ती छाती काढून सांगायची, "कापलेलं सगळं शिवता येतं. शिवणारा हात पाहिजे." मी हे इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं. मी बिनघोर कापत गेले.

मग तिची नजर अधू झाली. माझी नाडी गळ्यातून निघाली आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. किती वर्षं, कोण जाणे. डब्यात सगळीच तुटकी बटणं, आणि त्यांच्या गप्पाही तशाच.

एके दिवशी डबा उघडला तो आजीच्या लेकीने. ही लेक आधी जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. आता ती आपल्या दोन मुलींना घरीच शिकवत होती. न्याहारी उरकली की जेवणाच्या टेबलावर मेणकापड पडायचं, आणि तीच त्यांची शाळा. थोरली नऊ वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. धाकटी सहा वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून टिल्ली. त्या दिवशीचा धडा होता, माशाच्या आत काय असतं. स्वयंपाकघरातली कात्री माशाला चिरत नव्हती, चेंगरत होती, म्हणून माझी आठवण झाली.

"माझी काजाची कात्री? माशाला?" आजी खुर्चीतून कडाडली. "तिने कधी कागदसुद्धा कापलेला नाही!"

"धुऊन देते, आई."

"धुऊन काय देतेस? तेल घालून दे!"

असं म्हणाली, पण दिलं तिने. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. पुन्हा कुणीतरी मला उचललं होतं. मी कशावर चालणार आहे, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

मासा बाजारातून आणलेला होता, मेलेला, थंड. आईने तो पसरट ताटात ठेवला आणि माझं टोक पोटाखालून हलकेच पुढे नेलं. तिने कल्ले दाखवले, हवेची पांढरी पिशवी दाखवली. ताई कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून आजीच्या टाचण्यांनी ती टोचत होती. कल्ल्यांच्या मागे, खालच्या अंगाला डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी गडद लाल होतं. "हे हृदय," आई म्हणाली. "आता थांबलंय. मासा जिवंत असताना हे धडधडतं."

टिल्लीने ते बोटाने हळूच दाबून पाहिलं आणि ती रडायला लागली. "त्याला दुखलं."

"मेल्यावर दुखत नाही, बाळा," आई म्हणाली. पण हुंदके थांबेनात. आई ताट धुवायला गेली, तेवढ्यात आजीने टिल्लीला जवळ ओढलं, चाचपडत लाल दोरा ओवला आणि माशाचं पोट सवयीच्या हाताने बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. टाके कसले, मोती!

"झाला बघ नवाकोरा," आजी म्हणाली.

टिल्लीने तो बादलीत सोडला. तो आडवा तरंगत राहिला.

"हलत नाही तो."

"दमलाय ग. निजलाय. उठला की नदीत सोडू."

आईने दारातून ऐकलं. "आई, असलं काही सांगू नकोस तिला."

"तू तुझी शाळा बघ. लेकराला हसवायला पदवी लागत नाही."

टिल्ली हसली, हे खरं. आजी जिंकली. मीही शेजारी पडून आजीच्या बाजूनेच होते.

खिडकीत काचेच्या बरणीत एक नारिंगी मासा होता, टिल्लीचा. त्याचं नाव भोपळ्या. ती रोज त्याला चिमटीने दाणे घालायची आणि दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगायची.

दोन दिवसांनी, भर दुपारी, आजीचा खुर्चीत डोळा लागला होता. आई वरच्या खोलीत ताईचं गणित घेत होती. मी आजीच्या शेजारी टेबलावरच होते. डब्यात परत जायचा मलाच कंटाळा आला होता. टिल्लीने मला उचललं. तिचा हात ओला होता.

पुढचं मी तुम्हाला थोडक्यातच सांगते. तिला भोपळ्याची धडधड पाहायची होती. तिने आईसारखंच केलं, पोटाखालून, हलकेच. वाईटपणा तिच्या बोटांत तसूभरही नव्हता. माझ्या पात्यांनी आजवर सूत पाहिलं, रेशीम पाहिलं, थंड मासा पाहिला. त्या दिवशी माझ्या पात्यांना एक ठोका लागला, मग दुसरा. तोवर मी मिटले होते. मी चांगल्या धारेची. मी अडले नाही.

ती दोन्ही हातांच्या ओंजळीत भोपळ्याला घेऊन धावत आली. "आजी, उठ! माझं बघून झालं. लवकर शिव!"

आजी दचकून जागी झाली. ओंजळीत बघितलं. तिने सुई उचलली, लाल दोरा ओवला. त्या अधू नजरेने एका झटक्यात ओवला. आणि मग सुई हवेत तशीच राहिली. भोपळ्या तिच्या तळहातावर एकदा तोंड उघडून थांबला.

आई आणि ताई खाली आल्या. आजीच्या तोंडून पहिलं काय निघालं, तर तेच जे आयुष्यभर निघत आलं होतं. "बघ तुझ्या शाळेचे प्रताप! लेकरांना चिरफाड शिकवतेस!"

आईच्या आधी ताई बोलली. "आजी, शिवता येतं असं तूच म्हणालीस."

घरात आजवर कुणी आजीला असं उत्तर दिलं नव्हतं. आजीने ताईकडे डोळे वटारले. पण तेवढ्यात टिल्लीने तिचा पदर ओढला. "आजी, मला उशीर झाला का? मी पडले ना मधे, पायपुसण्यावर. तेवढ्यात गेला का तो?"

मित्रांनो, आजीपुढे दार उघडं होतं. "हो ग, जरासा उशीर झाला," एवढं म्हटलं असतं, तर तिच्या हाताचा मान शाबूत राहिला असता, तिची शेखी शाबूत राहिली असती. कापडावर ढकललं तसं ढकलता आलं असतं. आणि ते पोर जन्मभर त्या पायपुसण्यावर पडत राहिलं असतं.

आजी खुर्चीतून खाली, फरशीवर बसली. गुडघे कटकन वाजले.

"नाही ग राणी. तू उडत आली असतीस, तरी मला शिवता आलं नसतं. तो बादलीतला मासासुद्धा निजलेला नव्हता. मेलेला होता. मी खोटं बोलले."

"नदीत सोडलंस ना त्याला?"

"मांजराला घातला."

टिल्लीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तू पण चुकतेस?"

"फार चुकते. सांगत नाही, एवढंच."

मग टिल्ली रडली, तिच्या मांडीत तोंड खुपसून, आणि या खेपेला आजीने तिला हसवायचा प्रयत्न केला नाही. आईही तिथेच फरशीवर बसली. "माझंही चुकलं," ती म्हणाली. "मेलेलं म्हणजे काय, हा धडा आधी घ्यायला हवा होता."

संध्याकाळी भोपळ्याला कुंडीत पुरून आल्यावर आजी एकदम म्हणाली, "त्या वकिलाच्या कोटाची काजं मीच उलटी पाडली होती."

"ठाऊक आहे, आई," लेक म्हणाली. "सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

टेबलावरची शाळा काही आठवडे नुसत्या पाढ्यांवर आणि झाडांच्या पानांवर चालली. मग एक दिवस आईने खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं. टिल्लीला कुणी बोलावलं नाही. ती आधी दारात उभी राहिली, मग खुर्चीमागे, मग टेबलाशी. आजीही आता या शाळेत बसते. दुसरीत सुटलेली शाळा तिने इथे पुढे धरली आहे, आणि हृदयाच्या झडपांची नावं ताईपेक्षा मोठ्याने घोकते.

आईने मला उचललं, तशी टिल्ली आजीकडे वळली. "आजी, हे परत शिवता येईल?"

"नाही," आजी म्हणाली.

"मग हळू काप, आई."

तेव्हापासून दर धड्याआधी तिचा हाच प्रश्न असतो, आजीचं हेच उत्तर असतं, आणि मी हळू चालते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, स्क्रूवर तेलाचा थेंब सोडा, आणि काम झालं की लहान हात पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. ही झाली माझी काळजी. पण तुमच्याहून धाकट्या कुणी तुम्हाला विचारलं, की हे परत नीट होईल का, तर ते रडेल म्हणून खोटं सांगू नका. रडू द्या. मी एका हसण्याची किंमत पात्यांवर मोजली आहे.

आजीने त्या दुपारी ओवलेली सुई अजून टाचण्यांच्या उशीत उभी आहे. दोरा तसाच आहे, लाल, वीतभर. ती सुई ती कुणाला काढू देत नाही, आणि स्वतःही वापरत नाही.