मेंढ्याच्या डोक्याचा मान

किरगिझस्तानातल्या कोचकोर गावात गुलबारा नर्स कुणाच्या दारात थांबत नसे. सरळ आत शिरे आणि चहाच्या आधी पेशंटचे हात बघे. म्हाताऱ्या जुमाकादिरना पार्किन्सन जडल्यापासून ती त्यांच्याकडे नेमानं यायची. एके काळी डोंगरावर मेंढरं राखलेला हा रांगडा माणूस आज भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"नातवाच्या लग्नात मी बाहेर येणार नाही," ते पुटपुटले. "पाहुण्यांसमोर पुतळा होऊन बसायचं?"

"अक्साकाल, पुतळा सकाळी होतो की दुपारी?" गुलबारानं विचारलं. वडीलधाऱ्यांना तिथं मानानं अक्साकाल म्हणत.

"सकाळी ठीक असतो गं. जेवलो की हातपाय लाकूड."

गुलबारानं सुनेला, झीनाराला, विचारलं, "गोळी कधी देतेस?"

"जेवतानाच. मटणाच्या घासाबरोबर."

"तिथंच घोडं अडलंय! मटण गोळीचा गुण येऊ देत नाही. गोळी जेवणाच्या बरीच आधी द्यायची, आणि मटण रात्री. थांब, डॉक्टरांनाही विचारते." तिनं तिथूनच फोन लावला, डॉक्टरांनी होकार दिला.

झीनाराचा चेहरा मात्र पडला. नर्सला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "एजे, लग्नघरात सासऱ्याच्या पानात मटण नाही? गाव म्हणेल, सुनेनं म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं!"

"गावाला माझ्याकडे पाठव. मी बघते."

चार-पाच दिवसांतच म्हातारबांच्या दुपारी सुधारल्या. लग्नाच्या दिवशी ते स्वतःहून टोपी चढवून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी येऊन बसले. सगळ्यांत वडीलधाऱ्यानं कापून वाटायचं, या रिवाजाप्रमाणे मेंढ्याचं शिजवलेलं डोकं त्यांच्यापुढे आलं. गुलबारा दाराशी उभी होती; मदतीला धावायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

सुरी थोडी थरथरली. मग मेंढ्याचा कान कापला जाऊन सुटला. तो त्यांनी जवळच्या पोराला दिला. बाकीचं मांस पाहुण्यांना वाटलं.

"अक्साकाल, स्वतःला काहीच ठेवलं नाहीत?" व्याही म्हणाला.

"डोक्याचा मान वाटण्यात असतो, बाबा. माझं मी रात्री ओरपीन. तू आपलं ताट सांभाळ!"

सगळे खदखदून हसले. झीनारानं हंडीतून सासऱ्यांचा रात्रीचा वाटा वाडग्यात काढून त्यावर झाकण ठेवलं, आणि पहिल्यांदाच निवांतपणे पाहुण्यांत जाऊन बसली.

म्हातारबांनी दोन्ही तळवे उघडून नवरानवरीला आशीर्वाद दिला. हात कापत होते, पण आवाज अंगणापलीकडे गेला.